निर्वाणाची १९९१ ची सीडी सिंगल फ्लॅक केली, पण आवाज बारीक का येतोय?

रानजाई | शनिवार, रात्री १०:५२

मंडळी, नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, म्हणजे नंतर प्रश्नोत्तरांत वेळ जाणार नाही.

माझा चुलतभाऊ नव्वदच्या दशकात मर्चंट नेव्हीत होता. बोट इंग्लंडच्या बंदराला लागली की कॅसेट नाहीतर सीडी घेतल्याशिवाय परत यायचा नाही. गेल्या महिन्यात रत्नागिरीचं घर रंगवायला काढलं, तेव्हा माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत त्याचा सगळा खजिना निघाला. त्यात निर्वाणा या अमेरिकन रॉक बँडच्या ‘स्मेल्स लाइक टीन स्पिरिट’ची सीडी सिंगल होती, इंग्लंडात निघालेली, चार गाण्यांची. पहिलं अर्थातच टीन स्पिरिट, मग ‘ड्रेन यू’, ‘ईव्हन इन हिज यूथ’ आणि शेवटी ‘ॲन्युरिझम’. लहानपणी सुट्टीत त्याच्या खोलीत बसून मी हीच ऐकायचे. चौथं गाणं मात्र तो फारसं लावायचा नाही. आता म्हणाला, "तूच ठेव, माझ्याकडे प्लेयरही नाही."

एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी हा प्रोग्राम वापरून सुरक्षित पद्धतीने रिप केली, म्हणजे चकतीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवली, आणि फ्लॅक या लॉसलेस प्रकारच्या फाइलमध्ये ठेवली. माझ्याकडे त्यांच्या ‘नेव्हरमाइंड’ अल्बमच्या २०११ च्या डीलक्स आवृत्तीच्याही विकत घेतलेल्या फ्लॅक फाइल आहेत. त्यात ही चारही गाणी आहेत, म्हणून शेजारी शेजारी लावून ऐकली आणि मन खट्टू झालं. माझ्या रिपचा आवाज बारीक, दबका वाटतो. २०११ ची फाइल लावली की अंगावर येते. ऑडॅसिटी या प्रोग्राममध्ये उघडून पाहिलं तर माझ्या फाइलची लहर अर्धवट उंचीची, दुसरी वरपासून खालपर्यंत भरलेली. बिटरेटही (सेकंदाला किती किलोबिट) माझ्या फाइलचा नऊशेच्या घरात, त्या फाइलचा हजाराच्या वर.

शिवाय ॲक्युरेटरिपमध्ये (इतरांच्या रिपशी आपला रिप ताडून पाहणारी नोंदवही) पहिल्या तीन गाण्यांचा मेळ बसला, चौथ्याचा नाही. तीस वर्षं कोकणच्या दमट हवेत राहून चकती उतरली का? की माझंच काही चुकलं?

---

जुना डेक | शनिवार, रात्री ११:३४

रानजाई, आधी जीव भांड्यात पडू दे. पहिली तीन गाणी ॲक्युरेटरिपमध्ये जुळली म्हणजे जगात इतर कुणीतरी, दुसऱ्या चकतीवरून, दुसऱ्या ड्राइव्हवर काढलेली नक्कल आणि तुझी नक्कल यांत एका बिटाचाही फरक नाही. सीडीवरचा आवाज चकती जुनी झाली म्हणून कॅसेटसारखा हळूहळू मंद होत नाही. आकडे वाचता आले तर पूर्ण येतात, नाही आले तर टकटक होते, गाणं अडकतं नाहीतर मधेच गप्प होतं. ‘दबका’ हा सीडीचा आजार नाही.

लॉसलेस या शब्दामुळे फार गोंधळ होतो. लॉसलेस म्हणजे उत्तम आवाज नव्हे. लॉसलेस म्हणजे मक्षिकास्थाने मक्षिका. पोथीवर माशी चिकटलेली असेल तर नक्कलेत त्याच जागी माशी. सीडीवर सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटांचा, डावा उजवा मिळून सेकंदाला १४,११,२०० बिट. फ्लॅक ते कमी जागेत बांधतं आणि उघडल्यावर जसेच्या तसे परत देतं. मूळ चकतीवर आवाज हळू असेल तर फ्लॅकमध्येही हळूच असणार. तसा तो आहे हीच तुझी नक्कल खरी असल्याची खूण.

आता बिटरेट. यात भलेभले फसतात. एमपीथ्रीत आपण ठरवतो की सेकंदाला इतके बिट खर्च करायचे, म्हणून तिथे ३२० हे १२८ पेक्षा चांगलं. फ्लॅकमध्ये बिटरेट कुणी ठरवत नाही, तो आपोआप पडतो. फ्लॅक मागच्या काही नमुन्यांवरून पुढचा नमुना काय असेल याचा अंदाज बांधतं आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा लिहून ठेवतं. आवाज हळू, रचना मोकळी, तर फरक छोटा आणि फाइल लहान. आवाज छपराला टेकवून चेपलेला असेल तर प्रत्येक नमुना मोठा, अंदाज चुकत राहतो, फरक लिहायलाच जास्त बिट लागतात. म्हणजे २०११ च्या फाइलचा बिटरेट जास्त आहे याचा अर्थ ती जास्त जोरात आहे, एवढाच.

गंमत म्हणून पाच मिनिटांची निव्वळ शांतता फ्लॅक करून बघ, आणि मग पाच मिनिटांचा पांढरा गोंगाट. शांततेची फाइल नखाएवढी होते, गोंगाटाची जवळजवळ आहे तेवढीच राहते. बिटरेटने गुणवत्ता ठरली असती तर गोंगाट हे जगातलं सर्वोत्तम संगीत ठरलं असतं.

चौथ्या गाण्याचं उद्या बोलू. चकतीचा फोटो टाक, खालच्या बाजूचा, तिरप्या उजेडात.

---

फिरकी | रविवार, सकाळी ८:१०

जुना डेक काका, सगळं मान्य, पण मला २०११ चंच आवडतं, आणि त्याची लाज वाटत नाही. मी रोज डोंबिवलीहून सीएसएमटीला जातो. डब्यात मूळ सीडीचा रिप लावला की टीन स्पिरिटचं कडवं ऐकूच येत नाही, गिटारचे ते दोनच स्वर कुर्ल्याच्या खडखडाटात बुडतात. आवाज वाढवावा तर ध्रुवपद कानठळ्या बसवतं. २०११ वाल्यात कडवं आणि ध्रुवपद जवळ जवळ आहेत, म्हणून प्रवासात पूर्ण गाणं ऐकता येतं.

---

उत्तररात्र | रविवार, सकाळी ९:४७

फिरकी, डब्यापुरतं तुझं म्हणणं मला पटतं. पण बघ, त्या गाण्याचा जीवच कडवं आणि ध्रुवपद यांच्या दरीत आहे. निर्वाणाचा गायक कोबेन याने स्वतः मुलाखतीत सांगितलं होतं की हळू आणि मग एकदम जोरात ही पद्धत त्याने पिक्सीज या बँडकडून घेतली. चार कॉर्डची ती गिटार आधी एकटी, स्वच्छ येते, मग ड्रमर ग्रोलचे ड्रम कोसळतात आणि पाठोपाठ तीच गिटार पेटून येते. ती उडी जितकी मोठी, तितका पोटात गोळा येतो. दरी बुजवली की उडी मारायला जागाच राहत नाही. घरी, दार लावून, मूळ आवृत्ती एकदा ऐक.

रानजाई, तुझ्या चकतीवरची शेवटची दोन गाणी मला पहिल्या दोनांपेक्षा मोलाची वाटतात, म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिली दोन ‘नेव्हरमाइंड’च्या रेकॉर्डिंगमधली. मे १९९१, लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागातला साउंड सिटी स्टुडिओ, नीव्ह कंपनीचं मिश्रणाचं कन्सोल, निर्माता बुच व्हिग. मिश्रण अँडी वॉलेसचं, मास्टरिंग (चकती छापण्याआधी आवाजाची पातळी आणि पोत शेवटचा ठरवण्याचं काम) हॉवी वाइनबर्गचं. व्हिगने कोबेनला एकच ओळ दोनदा गायला लावून आवाजावर आवाज चढवला. कोबेन कुरकुरायचा, तेव्हा बीटल्सचा जॉन लेननही असंच करायचा असं सांगून त्याला राजी केलं. ‘ड्रेन यू’मध्ये तर गिटारचे थरावर थर आहेत, आणि मधल्या भागात गाणं जवळजवळ थांबतं तिथे रबरी खेळण्यांची चूंचूं आणि स्प्रेच्या डब्याचा फुस्स असा आवाजही आहे. तो भाग हेडफोनवर मूळ रिपमध्ये ऐक. तळाशी चाललेली ती खुडबुड हळूहळू वर येते आणि मग सगळं एकदम फुटतं.

शेवटची दोन गाणी वेगळ्याच दिवशीची. १ जानेवारी १९९१, सिअॅटल, म्युझिक सोर्स स्टुडिओ. लोक रात्रभर नवीन वर्ष साजरं करून झोपलेले, आणि हे तिघे क्रेग माँटगोमेरीबरोबर रेकॉर्ड करायला बसलेले. माँटगोमेरी त्यांच्या कार्यक्रमांचा आवाज सांभाळायचा. ग्रोलला गटात येऊन जेमतेम काही महिने झाले होते. थरावर थर नाहीत, तीन माणसं एका खोलीत वाजवताहेत हे कळतं. कोबेनला पुढे ‘नेव्हरमाइंड’चा आवाज फारच गुळगुळीत वाटायला लागला होता, त्याने तसं उघड सांगितलं. त्याला जो खडबडीतपणा हवा होता तो या दोन गाण्यांत आहे.

एक सावधगिरी. तुलना करताना ‘इन्सेस्टिसाइड’मधलं ‘ॲन्युरिझम’ घेऊ नकोस. तो १९९२ चा संग्रह आहे आणि त्यातलं ‘ॲन्युरिझम’ बीबीसीसाठी नोव्हेंबर १९९१ मध्ये वाजवलेलं, म्हणजे रेकॉर्डिंगच वेगळं. बरेच जण ही दोन शेजारी ठेवतात आणि फरक मास्टरिंगच्या माथी मारतात. टीन स्पिरिटचंही तसंच. अल्बमवर ते पाच मिनिटं एक सेकंदाचं आहे, सिंगलवर साडेचारच्या आसपास, छाटलेलं.

---

कोवळं ऊन | रविवार, दुपारी १२:०५

रानजाई ताई, नेटवर ‘१९९१ सिंगल, फ्लॅक’ म्हणून फिरणाऱ्या फाइलींपासून जपून. बऱ्याच मुळात एमपीथ्री असतात, वर फक्त फ्लॅकचा अंगरखा चढवलेला. स्पेकमध्ये उघडून बघायचं, तो प्रोग्राम आवाज किती उंच सुरांपर्यंत जातो त्याचं चित्र काढतो. १२८ च्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झवर सुरीने कापल्यासारखी रेघ दिसते, वर काळोख. ३२० चा असेल तर ती वीसच्या आसपास असते. तुमच्या स्वतःच्या चकतीवरून काढलेल्या रिपमध्ये झांजांचा पसारा बावीसपर्यंत विरळ होत गेलेला दिसायला हवा. कुणी चित्र बघून लगेच "हे बनावट" म्हणालं तरी घाई करू नये. काही जुन्या रेकॉर्डिंगमध्ये वरचा पट्टा मुळातच रिकामा असतो, आणि स्टुडिओतल्या जुन्या टीव्हीमुळे १५.७ किलोहर्ट्झच्या आसपास एक बारीक आडवी रेघही सापडते. ती टीव्हीची शिट्टी असते, एमपीथ्रीची नव्हे.

---

रानजाई | रविवार, दुपारी ३:२०

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तररात्र, नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशीचं मला माहीतच नव्हतं! कोवळं ऊन, स्पेकमध्ये पाहिलं, वरपर्यंत आहे सगळं, कापलेली रेघ नाही.

चकतीचा फोटो टाकलाय. बाहेरच्या कडेला दोन लांब ओरखडे आहेत, बघूनच पोटात धस्स झालं. आणि आतल्या बाजूला, केंद्रापासून साधारण साडेतीन सेंटिमीटरवर, एक बारीकसा कमानीसारखा ओरखडा आहे, गोलाच्या दिशेने गेलेला. हा फोटोत नीट येत नाही.

---

जुना डेक | रविवार, संध्याकाळी ५:१५

फोटो बघितला. बाहेरचे दोन विसर. चकती तिरपी धर, आतल्या बाजूचं एक कडं थोड्या वेगळ्या छटेचं दिसेल. सीडीवरची चक्राकार रेघ आतून सुरू होऊन बाहेर जाते, एलपीच्या उलट. पूर्ण ७४ मिनिटांची सीडी कडेपर्यंत भरते. तुझ्याकडे चार गाणी, सतरा-साडेसतरा मिनिटं. एवढा मजकूर केंद्रापासून पावणेचार सेंटिमीटरच्या आतच संपतो. बाहेरचे ओरखडे कोऱ्या जागेवर आहेत, तिथे वाचायला काहीच नाही. सीडी सिंगलचा हा मोठा फायदा. हाताळताना आपण कडा पकडतो, आणि कडेला गाणंच नसतं.

तुझा खरा शत्रू तो आतला कमानीसारखा. साडेतीन सेंटिमीटर म्हणजे बरोबर शेवटच्या गाण्याची जागा. केंद्रापासून कडेकडे सरळ गेलेला ओरखडा तितका वाईट नसतो, कारण तो प्रत्येक फेरीत थोडंसंच खातो. सीडीवर मजकूर सलग लिहिलेला नसतो, विखरून लिहिलेला असतो, वर दुरुस्तीचे जादा बिट असतात. त्यामुळे सलग चार हजार बिट गेले, म्हणजे रेषेवर अडीच मिलिमीटरचा तुकडा गेला, तरी प्लेयर बाकीच्यावरून तो हुबेहूब परत उभा करतो. अंदाजाने नाही, गणिताने. पण ओरखडा त्या चक्राकार रेघेच्या दिशेनेच धावला तर तो एका दमात त्याहून जास्त खातो, आणि मग दुरुस्ती हात टेकते.

उपाय सांगतो, याच क्रमाने कर.

चकती कोमट पाण्याखाली धर, बोटावर भांड्याच्या साबणाचा एक थेंब घे, मधल्या भोकापासून बाहेर सरळ रेषेत पूस. गोल गोल अजिबात नाही. कोरडी करायला जुना मऊ सुती पंचा, टिशू नको. छापील बाजूला बोटं लावू नकोस. सगळ्यांना वाटतं चमकती बाजू नाजूक, पण मजकुराचा पातळ थर छपाईच्या लगेच खाली असतो, वर नुसता लाखेचा लेप. खालून तर सुमारे सव्वा मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक राखण करतं.

मग दुसरा ड्राइव्ह बघ. लॅपटॉपचा पातळ असेल तर डेस्कटॉपचा जाड मिळतो का बघ. जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानात पडलेले असतात. काही ड्राइव्ह ओरखड्यांवरून जास्त चांगले वाचतात, हा अनुभव आहे. ड्राइव्ह बदलला की ऑफसेट पुन्हा बसवायला विसरू नकोस. प्रत्येक जातीचा ड्राइव्ह गाणं काही नमुने आधी किंवा नंतर वाचायला लागतो, कुणी सहा, कुणी सहाशे सदुसष्ट. सेकंदाच्या पन्नासाव्या भागाहूनही लहान हा फरक कानाला कळणार नाही, पण तपासणीचा आकडा पूर्ण बदलतो.

---

तिसरी घंटा | रविवार, रात्री ८:४०

थोडं अवांतर विचारू का? एवढा खटाटोप करण्यापेक्षा २०२१ मध्ये ‘नेव्हरमाइंड’ची तिसाव्या वर्षाची आवृत्ती निघाली ना, मूळ अर्धा इंची टेपवरून २४ बिट १९२ किलोहर्ट्झमध्ये केलेली? १६ बिटांपेक्षा ती बरी नाही का? आकडाच केवढा मोठा!

---

जुना डेक | रविवार, रात्री ९:२८

तिसरी घंटा, अवांतर कसलं, हाच मुद्दा आहे. १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला मावतो. १९९१ च्या ॲनालॉग टेपची सरसर त्यात आरामात बसून वर जागा उरते. आणि ४४.१ किलोहर्ट्झमध्ये २२ किलोहर्ट्झपर्यंतचे सूर येतात. माझं वय अठ्ठावन्न, मला बारा-तेराच्या वर काही ऐकू येत नाही. वीस वर्षांच्या पोरालाही विसाच्या वर नाही. २००७ मध्ये मायर आणि मोरन यांनी अमेरिकेतल्या ऑडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात एक प्रयोग छापला होता. सीडीहून वरच्या दर्जाच्या चकत्यांचा आवाज मधेच १६ बिट ४४.१ च्या चाळणीतून काढला, तरी ऐकणाऱ्यांना एरवीच्या पातळीवर फरक सांगता आला नाही.

२०२१ वाली चांगली वाटली तर ती टेपवरून नव्याने मेहनत घेऊन केल्यामुळे वाटेल, आकड्यामुळे नाही. रेकॉर्डिंग, मिश्रण, मास्टरिंग यांवर सगळं ठरतं. पेटी कितीची हा फार नंतरचा प्रश्न.

रानजाई, तुला ‘बारीक’ वाटलं त्याचं मूळही इथेच आहे. दोन आवाजांत एखाद्या डेसिबलचा फरक असला तरी कान त्याला ‘जोरात’ म्हणत नाही, ‘चांगलं’ म्हणतो. इथे तर फरक कित्येक डेसिबलचा आहे. दोन्ही एका पातळीला आणल्याशिवाय तुलना करणं म्हणजे एका गवयाला माइक देऊन दुसऱ्याला न देण्यासारखं आहे. फूबार२००० या प्लेयरमध्ये रिप्लेगेन लाव (तो दोन्ही आवाज एका पातळीला आणतो), एबीएक्स ही न बघता ओळखायची चाचणी जोड, सोळा वेळा डोळे मिटून ओळखायचा प्रयत्न कर. सोळापैकी बारा किंवा जास्त आले तर नुसत्या नशिबाने तसं व्हायची शक्यता चार टक्क्यांच्या आत. आणि कृपा करून ब्लूटूथवर नको. त्यातली एलडॅक ही चांगली पद्धतसुद्धा फार तर ९९० किलोबिट नेतो, म्हणजे सीडीचा मजकूर तिथे पुन्हा छाटला जातो. वायर लाव.

---

लेस्टरकर | सोमवार, पहाटे २:५०

उशिरा वाचलं. रानजाई, तुमचीच सिंगल माझ्याकडे आहे. लेस्टरला आलो त्या वर्षी एका धर्मादाय दुकानात पन्नास पेन्सला मिळाली होती. इथे तेव्हा सिंगलला फार मान नव्हता, लोक अल्बम घ्यायचे आणि सिंगल देऊन टाकायचे. मी मात्र निर्वाणाच्या गोळा करत गेलो. ‘कम ॲज यू आर’च्या इंग्लंडातल्या सिंगलवर ‘एंडलेस, नेमलेस’ स्वतंत्र गाणं म्हणून आहे. अल्बमवर ते शेवटच्या गाण्यानंतर दहा मिनिटांच्या शांततेमागे लपवलेलं होतं, आणि अगदी पहिल्या छपाईच्या चकत्यांवर तर चुकून राहूनच गेलं होतं. ‘लिथियम’च्या सिंगलबरोबर अख्ख्या ‘नेव्हरमाइंड’चे शब्द छापलेले मिळाले, जे अल्बमबरोबर धड नव्हतेच. असं काही हातात घेतल्यावर स्ट्रीमिंगवरच्या चौकोनी चित्राने माझं समाधान होत नाही.

माझ्या चकतीचा लॉग, म्हणजे रिप करतानाची नोंद, शोधला. आतल्या कड्यावरचा मॅट्रिक्स क्रमांक (छपाईच्या साच्याचा क्रमांक) तुमच्या फोटोतल्याशी जुळतोय, म्हणजे छपाई एकच. चौथ्या गाण्याचा सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, खाली देतोय. फाइल देता येणार नाही, हक्काचा प्रश्न आहे आणि इथे तो नियमही आहे. पण आकडा द्यायला हरकत नाही. तुमचा रिप बरोबर आला की तुमचाही हाच आकडा यायला हवा.

---

फिरकी | सोमवार, सकाळी ७:५५

उत्तररात्र, काल रात्री दार लावून ऐकलं. वायरचे हेडफोन, आवाज एका पातळीला आणून. टीन स्पिरिटमध्ये पहिल्या कडव्यानंतर आवाज परत खाली येतो ना, तिथे खोली मोठी झाल्यासारखं वाटलं. आणि स्नेअर ड्रमचा फटका २०११ मध्ये गिटारच्या बरोबरीने येतो, मुळात तो गिटारच्या पुढे येतो. लोकलसाठी मी २०११ च ठेवणार, पण घरासाठी आता सीडी शोधतोय.

---

रानजाई | मंगळवार, रात्री ११:१८

आधी एबीएक्सचं सांगते. स्वतःच्या रिपवरून लेम या प्रोग्रामने ३२० चा एमपीथ्री केला आणि फ्लॅकशी ताडून पाहिला. सोळापैकी नऊ. म्हणजे मला ओळखता आलं नाही, हे सरळ कबूल करते. झांजांवर लक्ष दिलं, ‘ड्रेन यू’च्या चूंचूंवर दिलं, तरीही नाही. मग १९९१ विरुद्ध २०११, दोन्ही एका पातळीला आणून. सोळापैकी सोळा. नंतर नंतर तर दोन सेकंदांत कळायचं. ग्रोलचा पाय पडतो तेव्हा मूळ आवृत्तीत छातीत धप्प होतं, दुसरीत ते धप्प गिटारच्या भिंतीत अर्धं मुरतं. माझा रिप ‘बारीक’ नव्हता, हे आता नीट कळलं. फ्लॅक ठेवणारच आहे, कारण उद्या पुन्हा काही करायचं झालं तर मूळ हातात हवं. पण मला जे आवडतंय ते फ्लॅकमुळे नाही, त्या काळच्या मास्टरिंगमुळे आहे.

आता चौथं गाणं. जुना डेक काका, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. धुतली, पंच्याने सरळ पुसली. लॅपटॉपवर पुन्हा चुकीचाच आकडा, आणि दर वेळी वेगळा. मग शेजारच्या काकांच्या बंद पडलेल्या कॉम्प्युटरमधला जाड ड्राइव्ह काढून जोडला. त्याचा ऑफसेट बसवला. ॲन्युरिझमला त्याने चौदा मिनिटं घेतली, एका जागी अडून तीच ओळ परत परत वाचत बसला. मी शेजारी बसून त्याचा घरघर आवाज ऐकत होते. शेवटी चाचणीचा आणि नकलेचा आकडा एकच आला. ॲक्युरेटरिपही जुळलं. मग लेस्टरकरांचा प्रतिसाद उघडून आठही अक्षरं एकेक करून मोठ्याने वाचली. जुळली! रत्नागिरीच्या ट्रंकेतली चकती आणि लेस्टरच्या दुकानातली चकती, शेवटच्या बिटापर्यंत एक.

---

लेस्टरकर | मंगळवार, रात्री ११:४१

वा! दिवस सार्थकी लागला. जपून ठेवा दोन्ही, फाइलही आणि चकतीही.

---

जुना डेक | बुधवार, सकाळी ६:३०

शाब्बास. चौदा मिनिटं थांबलीस हे बरं केलंस, बरेच जण मधेच रद्द करतात. लॉग आणि क्यू फाइल (कुठलं गाणं कुठे सुरू होतं त्याची नोंद) त्याच फोल्डरमध्ये ठेव, आणि एक प्रत दुसऱ्या हार्ड डिस्कवर.

---

रानजाई | बुधवार, रात्री ९:०२

ठेवली, काका.

आज संध्याकाळी दादाकडे नाशिकला गेले होते. हेडफोन दिले आणि काही न सांगता ॲन्युरिझम लावलं. सुरुवातीचं ते लांबलचक वाजवणं संपून गाणं सुटतं, तिथे त्याने आपोआप हात वर केला, थांबवायला. मग हात तसाच राहिला. पूर्ण ऐकून झाल्यावर सांगितलं त्याने. त्र्याण्णव साली बोट हलली तेव्हा प्लेयरमध्ये फिरत असतानाच तो ओरखडा पडला होता. तेव्हापासून त्याच जागी गाणं अडकायचं, म्हणून तो लावायचाच नाही.

त्या जागेच्या पुढचं त्याने परत एकदा लावायला सांगितलं. आणि मग परत एकदा.